घेण्यास नकार

काकांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला तेव्हा मला वाटलं, चहाबरोबर काहीतरी खायला देणार असतील. झाकण गंजून घट्ट बसलं होतं. ते त्यांनी चमच्याच्या दांड्याने उचकटलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. आत मनिऑर्डरींचे कागद होते. वर्षावार गठ्ठे, प्रत्येकाला रबरबँड, आणि जिथे रबर वितळून चिकटलं होतं तिथे सुतळी. पैसे पाठवल्याची पोस्टाची पावती आणि तिच्यामागे टाचणीने टोचलेला, परत आलेला कागद. त्यावर पोस्टमनचा शेरा, कधी निळ्या शाईत, कधी शिक्क्याने: घेण्यास नकार. "एकशे आठ आहेत," काका म्हणाले. "मागच्या महिन्यात माळ पूर्ण झाली." बाहेर ऑगस्टचा पाऊस कौलांवर पडत होता, स्वयंपाकघरातल्या भगोण्यात एक थेंब ठरावीक अंतराने टपकत होता, आणि माझ्या पर्समध्ये एजंटने दिलेला कागद होता. त्यावर पहिल्या मजल्यावरच्या या खोलीपुढे लिहिलं होतं, 'नऊ वर्षांची थकबाकी. खाली करून घेता येईल.'

मी गठ्ठे परत डब्यात ठेवले. काकांनी झाकण लावलं नाही. त्यांना एकच विचारायचं होतं.

"तुम्ही इमारत घेतलीत, तर पावती द्याल ना?"

आई गेल्यावर डोंबिवलीचं घर विकलं, त्याचे पैसे माझ्या आणि धाकट्या भावाच्या खात्यात येऊन पडले होते. भावाच्या मनात बरेच दिवस होतं की एखादी छोटी इमारत घ्यावी, चार-सहा बिऱ्हाडांची. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एकच फ्लॅट घेतला आणि भाडेकरू निघून गेला, तर दोन-तीन महिने हातात शून्य. सहा खोल्या असतील तर एक रिकामी झाली तरी बाकीच्या पाच चालू राहतात. शिवाय ठाण्यातला फ्लॅट भाड्याने दिला तर वर्षाला किमतीच्या जेमतेम तीन टक्के सुटतात, हे त्याने मला तक्ता करून दाखवलं होतं. तक्त्यात भाडं होतं, मालमत्ता कर होता, रंगरंगोटी होती, रिकाम्या महिन्यांसाठी एक रकाना होता. मी सत्तावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली अकरा कर्ज विभागात. त्यामुळे तक्ता बघून मला बरं वाटलं आणि लगेच त्यात काय नाही तेही दिसायला लागलं. अनामत रकमा कोणाकडे आहेत? विक्री झाली की जुना मालक त्या नव्याला देणार, की भाडेकरू जाताना नव्याने खिशातून भरायच्या? महावितरणचे मीटर प्रत्येक खोलीचे वेगळे आहेत, की एकाच मीटरवर सबमीटर लावून मालक स्वतःच्या दराने वीज विकतोय? जिन्यातला दिवा आणि पंप कोणाच्या बिलात? लिव्ह अँड लायसन्सचे करार नोंदवलेले आहेत, की नुसते स्टॅम्पपेपरवर सह्या करून ठेवलेत? आपल्याकडे करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, पण कितीतरी घरमालक अजून अकरा महिन्यांच्या समजावरच निवांत असतात. भाऊ हे सगळं लिहून घेत होता आणि म्हणत होता, "ताई, तू बरोबर असलीस की मला भीती वाटत नाही."

पहिली इमारत आम्ही घणसोलीत बघितली, जूनमध्ये. स्टेशनवरून चालत गेलं की आधी सेक्टरच्या सरळ रेषा लागतात आणि मग एका वळणावर रस्ता अचानक अंग चोरून घेतो. तिथून गाव सुरू होतं. दोन इमारतींमध्ये इतकंच अंतर की एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत वाटी द्यावी. वर वायरींची जाळी, खाली ओल्या मातीचा, सुकटीचा आणि कुठेतरी तळल्या जाणाऱ्या वड्यांचा एकत्र वास. इमारत तळमजला अधिक तीन, आठ खोल्या, एकही रिकामी नाही. महाप्यात आणि ऐरोलीत नोकरीला जाणारी मुलं, दोन रिक्षावाल्यांची कुटुंबं, रबाळ्याच्या कारखान्यातला एक फिटर. महिन्याला साठ हजार गोळा होत होते. घरमालक गावातलेच, साठीचे, आगरी गृहस्थ. त्यांनी आम्हाला आधी घरी नेऊन जेवायलाच बसवलं. "पान्याचा टेन्शन नाय ताय. रूम कदी खाली रेत नाय," असं सांगताना त्यांच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. कागद मागितले तर त्यांनी होते ते सगळे आणून ठेवले: नोटरी केलेला करारनामा, वीजबिल, मालमत्ता कराच्या पावत्या.

बांधकाम परवानगी नव्हती. भोगवटा प्रमाणपत्राचा तर प्रश्नच नव्हता. कराच्या पावतीत शास्तीचा आकडा होता, म्हणजे महापालिकेने हे बांधकाम अनधिकृत धरूनच त्यावर दुप्पट दंड बसवला होता. कर भरला म्हणजे बांधकाम कायदेशीर होतं असं अनेकांना वाटतं. इथे तर ते तसं नसल्याचं पावतीवरच छापून आलं होतं. मी त्यांना विचारलं, या इमारतीवर कधी कोणत्या बँकेने कर्ज दिलंय का? ते हसून नाही म्हणाले. मला नवीन असं काही कळलं नाही, पण हा प्रश्न मी नेहमी विचारते. बँकेची माणसं फार शहाणी असतात म्हणून नव्हे. इमारत विकायची वेळ आली की समोरच्यालाही कर्ज मिळणार नाही, आणि मग घेणारे फक्त रोख रक्कमवाले उरतात, ते भाव पाडून मागतात. आठ टक्क्यांवर दिसणारं उत्पन्न त्या एका उत्तराने वेगळं दिसायला लागतं.

पण त्या गृहस्थांवर माझा राग नव्हता, तो आजही नाही. त्यांच्या वडिलांची भातशेती नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये उरण-जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आणि ती जमीन हातात पडेपर्यंत एका घरातली चार मुलं लग्नाची झाली होती. इथे 'गरजेपोटी बांधलेली घरं' असा शब्दच आहे, आणि तो खोटा नाही. मात्र भाऊ आणि मी गरजेपोटी जात नव्हतो. गरजेपोटी उभ्या राहिलेल्या भिंतींना ज्या सवलतीची आशा आहे, ती आमच्यासारख्या बाहेरून पैसे घेऊन येणाऱ्याला लागू होईल असं धरून चालणं मला पटेना. भावाला पटलं होतं. महिनाभर आमचं यावरून चाललं.

२७ जुलैला पहाटे बेलापूरच्या शहाबाज गावातली चार मजली इमारत पडली. तीन माणसं गेली. ती काही जुनी पडीक इमारत नव्हती, घणसोलीच्या इमारतीसारखीच होती. भावाने मला सकाळी फोन केला, पण बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ते फिटर होते ना, त्यांची मुलगी पाळण्यात होती." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. नंतर घणसोलीचा विषय त्यानेही काढला नाही.

नौपाड्याची इमारत सगळ्याच बाबतींत उलट होती. घणसोलीत भाडं होतं आणि कागद नव्हते, इथे कागद होते आणि भाडं नव्हतं. १९५८ सालची, तळमजला अधिक एक, लाकडी जिना, पुढे लांब ओटी, मागे विहीर, तिच्यावर आता लोखंडी जाळी. गोखले रोडचा गोंगाट दोन वळणं आत आलं की एकदम विझतो, तशा गल्लीत. पाच भाडेकरू, सगळे पागडीचे, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर कायमचे राहणारे, सगळ्यांचं मिळून महिन्याचं भाडं हजाराच्या आसपास. मालमत्ता कर त्याहून जास्त. हे कोण कशासाठी घेईल, तर पाडून पुन्हा बांधण्यासाठी. एजंट तसंच बोलत होता, "मॅडम, जमिनीचे पैसे द्यायचेत, वरचं बांधकाम समजा नाहीच." मी मिळकत पत्रिका काढून घेतली. त्यावर अजून मालकांच्या आजोबांचं नाव होतं. आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, वारस सात, त्यांपैकी दोन परदेशात. वकीलबाईंनी जुन्या नोंदींचा तीस वर्षांचा सर्च घेतला, कर्ज-गहाणाचा बोजा नव्हता. हक्कसोडपत्रं आधी नोंदवून घ्या, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्या, मगच टोकन, हे त्यांनी बजावून सांगितलं. संरचनात्मक तपासणीचा अहवाल होता, सी-टू-बी, म्हणजे माणसं राहत असताना दुरुस्ती करता येईल अशी. आणि मग त्यांनी भावाला एक साधा प्रश्न विचारला, जो त्याच्या तक्त्यात नव्हता: "समोरचा रस्ता किती रुंद आहे?" आम्ही दोघं रविवारी टेप घेऊन गेलो. गटारापासून गटारापर्यंत सहा मीटरच्या आत-बाहेर. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर सहसा टीडीआर, म्हणजे दुसरीकडचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही, आणि वाढीव एफएसआय, म्हणजे जागेच्या प्रमाणात जास्तीचं बांधकाम, तेही मिळत नाही. या गल्लीतल्या कितीतरी म्हाताऱ्या इमारती वाकलेल्या पाठीने अजून उभ्या आहेत त्या याच कारणाने. पाच भाडेकरूंना त्यांची घरं बांधून दिल्यावर विकायला काय उरणार, हा हिशेब त्या दिवशी भावाने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून केला. फार काही उरत नव्हतं.

"एक खोली मोकळी झाली तर जमेल," तो म्हणाला. "ती वरची. थकबाकीवाली."

म्हणून मी एकटी परत गेले. माणूस न बघता त्याचं घर हिशेबातून वजा करायला मन तयार होईना. आणि तिथे तो डबा निघाला.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये बी-केबिनजवळची जुनी इमारत रात्री झोपेत कोसळली होती, माणसं दगावली होती. सगळा नौपाडा तेव्हा हादरला. काका सांगत होते, त्याच महिन्यात मालकांनी भाडं घेणं थांबवलं. आधीच्या महिन्यापर्यंत १३० रुपये घेऊन पावती देत होते. आता म्हणाले, तुम्ही दुसरीकडे जा. काकांनी पुढच्याच आठवड्यात पहिली मनिऑर्डर केली. परत आली. मग दुसरी. दर ऑगस्टला ते स्वतःच चार टक्के वाढवत आले, "कायद्यात आहे ना तेवढं, मालकाचा हक्क आहे तो." १३० चे या महिन्यात १८५ झाले होते. परत आलेले पैसे त्यांनी घरात वापरले नव्हते. पोस्टातच वेगळं बचत खातं काढलं होतं आणि प्रत्येक परत आलेली रक्कम त्यात भरली होती. पासबुक त्यांनी मला उघडून दाखवलं. मूळ रक्कम साडेसोळा हजारांच्या वर, व्याज वेगळं. "मालकांचे आहेत हे. मागतील तेव्हा द्यायचे." काकू गेल्यापासून ते एकटे आहेत. मुलगा वाकडला राहतो, चल म्हणतो. मग का जात नाही, हे मी विचारलं नाही. खिडकीतून शेजारच्या वाड्यातलं सोनचाफ्याचं झाड दिसत होतं.

घरी येताना रिक्षात मला आमची चरईतली खोली आठवत राहिली. स्वयंपाकघराच्या दाराआड एक तार टांगलेली असायची, तिला खाली लाकडी गोल चकती, आणि तारेत ओवलेल्या पावत्या. पाच तारखेला मालक वर यायचे. आई खुर्चीवरचे कपडे उचलून ती पदराने पुसायची. बाबा पैसे मोजून द्यायचे, मालक पावती पुस्तकात कार्बन घालून लिहायचे, आणि ती फाडताना होणारा टर्र आवाज मला फार आवडायचा. मग बाबा ती दिव्याकडे धरून पूर्ण वाचायचे, जणू या वेळी काही वेगळं लिहिलं असेल, आणि तारेत ओवायचे. पावती हा आमच्या घराचा सातबारा होता. पण मी हेही विसरू शकत नाही की तेवढ्या भाड्यात मालकांना कौलंही शाकारता येत नव्हती, आणि दर मेमध्ये बाबा त्यांच्याशी त्यावरूनच भांडायचे. त्यांची स्वतःची खालची खोली आमच्यापेक्षा जास्त गळायची. १९८९ मध्ये आम्ही चरई सोडली तेव्हा खोलीची पागडी आली, रिवाजाप्रमाणे तिसरा हिस्सा मालकांना दिला, उरलेली बाबांनी डोंबिवलीच्या फ्लॅटला भरली. पागडी घेणं तेव्हा कायद्याने गुन्हा होता. ती कायद्यात बसली १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आल्यावर. बाबांसारखा सरळ माणूस त्या रात्री पिशवीतले पैसे मोजताना दोनदा उठून दाराची कडी बघून आला होता, हे मला आठवतं. डोंबिवलीचं घर त्या पैशातून उभं राहिलं. ते विकून आलेल्या पैशांनी मी आता पागडीची इमारत घ्यायला निघाले होते, आणि एक भाडेकरू वजा केला की जमतंय, असं माझा भाऊ म्हणत होता, आणि मी ते ऐकून घेतलं होतं.

वकीलबाईंनी पासबुकाचे आणि पावत्यांचे फोटो बघितले. मग चष्मा काढून म्हणाल्या, "थकबाकी भाडेकरूने ठेवलेली नाही, मालकाने केलेली आहे." भाडं न दिल्याच्या कारणावरून दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस लागते, नव्वद दिवस थांबावं लागतं, आणि जो माणूस दर महिन्याला द्यायला तयार आहे त्याच्याविरुद्ध ते कारण उभंच राहत नाही. पावती देणं ही मालकाची जबाबदारी कायद्यात लिहिलेली आहे. इमारत पडली तर? भावाने विचारलं, आणि विचारल्यावर लगेच त्याचा चेहरा उतरला. इमारत पडली किंवा पाडली तरी भाडेहक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगून ठेवलंय, त्या म्हणाल्या. जमीन राहते, तिच्यासोबत हक्कही राहतो. "आणि एक लक्षात घ्या. तुम्ही घेतलंत की तुम्ही मालकाच्या चपलांत पाय घालता. त्यांनी नाकारलेलं सगळं तुम्ही नाकारलेलं होतं."

तेव्हापासून मला वाटतं की भाडेकरू असलेली इमारत बघायला गेलं तर भाड्याचा तक्ता मालकाकडून घ्यावा आणि पावत्या भाडेकरूंकडे जाऊन बघाव्यात, प्रत्येक दारात. एजंट नको म्हणेल. 'त्यांना आत्ताच कशाला सांगायचं, मागण्या वाढतील' असंही म्हणेल. मला तो म्हणालाच. बँकेत अकरा वर्षं मी इमारतींच्या फायली वाचल्या, सर्च वाचले, नकाशे वाचले, आणि आत राहणाऱ्या एकाही माणसाशी बोलले नव्हते. फायलीत 'भाडेकरू व्याप्त' असा शेरा असायचा आणि त्यापुढे मूल्यांकन कमी केलेलं असायचं. कितीतरी वेळा मी त्या शेऱ्याखाली सही केली आहे.

आम्ही मालकांपुढे एक अट ठेवली. थोरले वारस पुण्यात असतात, त्यांना फोन केला. विक्रीच्या आधी पाचही भाडेकरूंचं राहिलेलं भाडं स्वीकारा, पावत्या द्या, आणि पुढचं भाडं आम्हाला द्यावं असं पत्र प्रत्येकाला द्या. मग किमतीचं बोलू. ते अगदी सौम्यपणे बोलत होते. त्यांचाही काही इलाज नव्हता असं आता वाटतं, सात वारसांची तोंडं सात दिशांना. ते म्हणाले, "पावती दिली की ते कायमचे झाले. मग तुम्हीच मला कमी पैसे द्याल." ते खरं होतं. मी म्हटलं, हो, कमी देऊ, कारण इमारतीची खरी किंमत तेवढीच आहे. दोन दिवसांनी त्यांनी नकार कळवला. भाऊ आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याच्या रागात अर्थ होता. पैसे आमच्या दोघांचे होते आणि निर्णय मी एकटीने घेतल्यासारखं झालं होतं. आता तो उलव्यात एक दुकान बघतोय. सिडकोचा भाडेपट्टा किती वर्षांचा उरलाय ते बघ, एवढंच मी म्हटलं.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी काकांना सांगायला गेले. सांगायची सक्ती नव्हती, पण त्यांनी प्रश्न विचारला होता आणि तो माझ्याकडेच राहून गेला होता. गणपती दोन दिवसांवर आले होते, गल्लीच्या तोंडाशी मांडव लागला होता. जिन्यावर नवीन ओल धरली होती. मी म्हटलं, काका, आम्ही नाही घेत आहोत. त्यांनी ऐकून घेतलं. कोणी दुसरं घेतंय का, विचारलं नाही. "बसा," म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले. टेबलावर मनिऑर्डरचा कोरा फॉर्म पडला होता, त्यावर पेन आणि भिंग.

"डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय मागच्या आठवड्यात," ते आतून म्हणाले. "त्या बारीक चौकोनांत बसत नाही अक्षर. तुम्ही लिहिता का?"

मी चष्मा लावला. मालकांचं नाव त्यांनी सांगितलं, पुण्याचा पत्ता पिनकोडसकट तोंडपाठ होता. रक्कम अंकी, रक्कम अक्षरी. आडनावातला एक उकार मी ऱ्हस्व काढला तर त्यांनी स्वयंपाकघरातूनच, न बघता, तो दीर्घ आहे असं सांगितलं. निरोपाची जागा अगदी थोडी असते. काय लिहू, मी विचारलं. ते कपबशी घेऊन बाहेर आले, टेबलावर ठेवली, आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "नेहमीचंच. सप्टेंबर महिन्याचे घरभाडे. पोचपावती द्यावी ही विनंती."